फोन कुणी लावला? दुरून कॉम्प्युटर दुरुस्त करणारे, खरे आणि तोतये

मायक्रोसॉफ्ट कुणालाही आपणहून फोन करून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय" असं सांगत नाही. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर छापलेला नसतो. एवढं लक्षात राहिलं तरी या लेखाचं अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं जास्त अवघड आहे. कॉम्प्युटर खरंच बिघडतो, मदत खरंच लागते आणि हल्ली ती बऱ्याचदा दुरूनच मिळते. पुण्यातली मुलगी सांगलीतल्या बाबांच्या लॅपटॉपला एनीडेस्कवरून, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, प्रिंटर जोडून देते. टॅलीचा माणूस तसलंच अल्ट्राव्ह्यूअर लावून दुकानदाराची जीएसटीची अडचण सोडवतो. ऑफिसातला आयटीवाला बंगळुरूत बसून आपल्या स्क्रीनवर माऊस फिरवतो. यातलं काहीच वावगं नाही. म्हणून "एनीडेस्क कध्धीच टाकू नका" हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला मला तोकडा वाटतो. रोजच्या कामात तो पाळता येत नाही, आणि जो सल्ला पाळता येत नाही तो माणूस नेमक्या नको त्या वेळी सोडून देतो. त्यापेक्षा एक प्रश्न विचारायची सवय बरी: या माणसाला मी शोधलं की त्याने मला शोधलं? आणि मी शोधलं असेल, तर त्याचा नंबर मला कुठे मिळाला?

ते आत कसे येतात

सगळ्यात जुनी पद्धत फोनची. "सर, मी विंडोज टेक्निकल डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरवरून आमच्या सर्व्हरला एरर येतायत." इंग्रजी बोलणाऱ्या देशांत हे फोन इतके वाढले की ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) अशा सहा टोळ्यांना कोर्टात खेचलं. त्यातल्या बहुतेकांचं बिऱ्हाड भारतात होतं. भारतातल्या माणसाला येणारा फोन मात्र जरा वेगळ्या वेषात येतो: केवायसी संपलंय, सिम बंद होणार आहे, क्रेडिट कार्डाचे पॉइंट वाया जाणार आहेत. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घरोघरी एक मेसेज पोचला होता, की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अमुक अधिकाऱ्याशी बोला. त्या 'अधिकाऱ्या'ला फोन केला की तो बिल अपडेट करायला एक अ‍ॅप टाकायला लावायचा. ते अ‍ॅप स्क्रीन दाखवणारं असायचं. शेवटी महावितरणला पुन्हा पुन्हा जाहीर खुलासे करावे लागले.

दुसरी पद्धत स्क्रीनवर उगवते. एखादी भलतीच वेबसाइट उघडली जाते, पडदा लाल-निळा होतो, भोंगा वाजू लागतो, एक यांत्रिक बाई "कॉम्प्युटर बंद करू नका" म्हणून बजावते आणि मधोमध टोल फ्री नंबर असतो. हे निव्वळ एक वेबपान असतं. ते पूर्ण पडदाभर पसरलेलं असल्यामुळे कॉम्प्युटर अडकल्यासारखा वाटतो, एवढंच. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ-४. नाहीच हललं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करून टाका. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरा. काही बिघडत नाही. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर विचारेल की मघाची पानं परत उघडू का, त्याला नाही म्हणायचं.

तिसरी पद्धत मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण तिथे फोन आपणच लावतो. मनात संशय यायला जागाच उरत नाही. प्रिंटर चालत नाही, ऑनलाइन मागवलेल्या साडीचे पैसे परत यायचेत, कुरिअर अडकलंय. माणूस गूगलवर कंपनीचं नाव लिहितो, पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं जोडतो आणि वरचाच नंबर लावतो. तो नंबर तिथे कुणी ठेवला हे बघायला कुणाला सवड असते? भामटे कंपनीच्या नावाची खोटी पानं बनवतात, नकाशावरच्या दुकानाच्या माहितीत आपला नंबर घुसवतात, जाहिराती विकत घेतात. हा प्रकार इतका माजला होता की मायक्रोसॉफ्टच्या बिंगने २०१६ मध्ये त्रयस्थ टेक सपोर्टच्या जाहिराती सरसकट बंद केल्या आणि २०१८ मध्ये गूगलनेही त्यांच्यावर निर्बंध आणले. जाहिराती घटल्या, खोटी पानं उरलीच.

इथे कंपन्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. कित्येक बड्या अ‍ॅपना फोन नंबरच नसतो. सात पडदे ओलांडले की एक चॅटबॉट भेटतो आणि तो चार ठरावीक उत्तरं देतो. वैतागलेल्या माणसाला जिवंत आवाज हवा असतो. खरा नंबर सापडत नाही, म्हणून खोटा चालून जातो.

हे फक्त म्हाताऱ्या माणसांचं होतं, असंही समजू नका. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये करून घेतलेल्या पाहणीत भारतातल्या ६९ टक्के लोकांनी वर्षभरात असा एखादा प्रयत्न अनुभवला होता आणि ३१ टक्क्यांचे पैसे गेले होते. जगभरच्या आकड्यांत अशा सापळ्यांशी जास्त गाठ पडली ती तरुणांची. तरुण मंडळी नेटवर जास्त वेळ असतात, पायरेटेड सिनेमाच्या आणि गेमच्या साइटवर हिंडतात, आणि आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री असते.

'पुरावा' म्हणून काय दाखवतात

फोनवरचा माणूस लगेच पैसे मागत नाही. आधी तो तुम्हाला तुमच्याच कॉम्प्युटरवर पुरावा दाखवतो, आणि शिकल्यासवरल्या माणसाचा विश्वास इथेच बसतो. हे पुरावे ठरलेले आहेत. एकदा त्यांची पोल कळली की जादू उतरते.

पहिला पुरावा इव्हेंट व्ह्यूअरचा. विंडोजचं बटण आणि आर दाबायला लावतात, एक शब्द टाइप करायला लावतात आणि एक यादी उघडते. लाल फुल्या, पिवळे त्रिकोण, शेकडो, कधी हजारो नोंदी. "बघा सर, एवढे व्हायरस." प्रत्यक्षात ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा सुरू व्हायला दोन सेकंद उशीर झाला, वायफाय क्षणभर तुटलं, प्रिंटर बंद असताना छपाईचा हुकूम गेला, सगळं तिथे नोंदलं जातं. काल दुकानातून आणलेल्या कोऱ्या लॅपटॉपवरही अशा नोंदी असतात. विश्वास बसत नसेल तर आज, सगळं ठीकठाक चाललेलं असताना, स्वतः उघडून बघा.

दुसरा पुरावा काळ्या खिडकीतला, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून आज्ञा देतात त्या कमांड प्रॉम्प्टमधला. नेटस्टॅट नावाची आज्ञा दिली की कॉम्प्युटर त्या घडीला कुठेकुठे जोडलेला आहे ते दिसतं. एका रकान्याच्या डोक्यावर 'फॉरेन अ‍ॅड्रेस' असं लिहिलेलं असतं. "हे बघा, परदेशातले हॅकर." तिथे फॉरेनचा अर्थ जोडणीचं पलीकडचं टोक, मग ते टोक तुमच्या शेजारच्या खोलीतला प्रिंटर का असेना.

तिसरा मला सगळ्यात बिलंदर वाटतो. ते म्हणतात, "आम्ही खरेच आहोत याची खात्री पटवतो. तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त लायसन्स नंबर आमच्याकडे आहे, मी वाचतो, तुम्ही पडताळा." मग असॉक नावाची आज्ञा द्यायला लावतात, लांबलचक यादीच्या तळाशी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक मोठा आकडा दिसतो आणि फोनवरचा माणूस तो तंतोतंत म्हणून दाखवतो. अंगावर काटा येतो. पण तो आकडा विंडोजच्या एका किरकोळ सोयीचा अंतर्गत क्रमांक आहे आणि जगातल्या झाडून सगळ्या विंडोज कॉम्प्युटरवर तो अगदी हाच असतो.

आणखीही एक करामत आहे. फोल्डरांची यादी दाखवणारी ट्री नावाची आज्ञा देतात. ओळी भराभर सरकत असतात आणि तेवढ्यात समोरचा माणूस आपल्या कीबोर्डवरून 'व्हायरस सापडला' असं टाइप करून ठेवतो. यादी संपली की ते वाक्य आपोआप उमटल्यासारखं दिसतं. पण हे करायला तो आधीच तुमच्या कॉम्प्युटरवर पोचलेला असावा लागतो.

आत आल्यावर त्याला काय दिसतं

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर या दोन्ही जर्मन कंपन्या. त्यांची सॉफ्टवेअर चोख आहेत. जगभरचे आयटी विभाग ती वापरतात. काम अगदी सरळ: तुमच्या स्क्रीनवर एक क्रमांक येतो, तो तुम्ही समोरच्याला सांगता, तो जोडणी मागतो, तुम्ही 'अ‍ॅक्सेप्ट' दाबता. त्या क्षणापासून तो जणू तुमच्या खुर्चीत बसलेला असतो. माऊस त्याचा, कीबोर्ड त्याचा. फाइल तुमच्याकडून त्याच्याकडे जाऊ शकते आणि त्याच्याकडून तुमच्याकडे येऊही शकते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्याला बघता येतात. तुमचा पडदा काळा करून मागे काम करायची सोयही काही सॉफ्टवेअरमध्ये असते. "स्कॅन चालू आहे, हात लावू नका" असं सांगून ती वापरली जाते. आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: एकदा आत आलेला माणूस कायमचा पासवर्ड लावून ठेवू शकतो. मग उद्या, परवा, तुम्ही जेवायला बसलेले असताना, 'अ‍ॅक्सेप्ट' न दाबताही तो परत येऊ शकतो.

आपल्याकडे खरा धोका मोबाइलवर आहे, कारण बँक, यूपीआय आणि ओटीपी तिन्ही एकाच यंत्रात नांदतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं ते यासाठीच. फोनची स्क्रीन दिसू लागली की ओटीपी विचारावाच लागत नाही, तो वरून सरकत येताना दिसतोच. अँड्रॉइडवर 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी दिली की समोरचा फक्त बघत नाही, बटणंही दाबू शकतो. आयफोनवर अशा अ‍ॅपना बघता येतं, चालवता येत नाही. पण बघणंही पुरेसं असतं. आता बऱ्याच बँकांची अ‍ॅप स्क्रीन शेअर होतेय असं दिसलं की उघडतच नाहीत किंवा पडदा काळा करतात. अशा वेळी भामटा म्हणतो, "तुमचं अ‍ॅप जुनं झालंय, मी नवीन पाठवतो," आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवायची फाइल, येते. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं बँकेचं अ‍ॅप, चलनाचं अ‍ॅप, गॅसच्या सबसिडीचं अ‍ॅप, असल्या कुठल्याही फाइलला हात लावू नये. ती बहुतेक वेळा तुमचे एसएमएस परस्पर पुढे पाठवण्यासाठी बनवलेली असते.

"फक्त दहा रुपये भरा, रजिस्ट्रेशन होईल" ही मागणीही अशीच. दहा रुपयांशी कुणाला देणंघेणं नसतं. तुम्ही कार्डाचा क्रमांक आणि पिन त्याच्या डोळ्यांदेखत टाइप करावा, यासाठी ते असतं.

याहून मोठा डाव 'रिफंड'चा. तो सांगतो, तुमचे पाचशे परत करायचे होते, चुकून पन्नास हजार गेले, बघा खात्यात. तुम्ही बघता तर खरंच शिल्लक वाढलेली. ही किमया दोन प्रकारे होते. एकतर ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा मजकूर कुणालाही आपल्यापुरता बदलता येतो. पान रिफ्रेश केलं की खरा आकडा परत येतो. नाहीतर त्याने तुमचीच मुदत ठेव मोडून बचत खात्यात आणलेली असते. मग तो रडकुंडीला येतो, "माझी नोकरी जाईल हो, वरचे पैसे परत पाठवा." दयाळू माणसं यात हमखास अडकतात. खात्यात पैसेच नाहीत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनीही ऐकावं: बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधीच मंजूर असलेलं झटपट कर्ज असतं. ते तुमच्या नावावर काढून, तेवढं घेऊन पसार होणारे आहेत.

ते बसतात कुठे

फार लांब नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापा घातला तेव्हा सुमारे सातशे जणांना ताब्यात घेतलं होतं. ते अमेरिकेचे आयकर अधिकारी असल्याची बतावणी करत होते. सावज वेगळं, सोंग वेगळं, पण धंद्याची घडण तीच: रात्रपाळी, इंग्रजी नावं, समोर छापील संवाद. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र' या सायबर गुन्ह्यांविरुद्धच्या मोहिमेच्या दुसऱ्या फेरीत देशभर छापे घातले, त्यात टेक सपोर्टवाल्यांवरची कारवाई मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून होती. सप्टेंबर २०२४ च्या छाप्यांत पुण्याचं नाव आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर इगतपुरीत एका रिसॉर्टमध्ये भाड्याच्या जागेत थाटलेलं कॉल सेंटर सीबीआयने उघडकीला आणलं. तिथून अ‍ॅमेझॉनच्या सपोर्टच्या नावाने अमेरिका-कॅनडातल्या लोकांना फोन जात होते. पाऊस बघायला जायचं ठिकाण ते.

हा धंदा किती मोठा आहे? एफबीआयच्या तक्रार केंद्राकडे २०२४ या एका वर्षात टेक सपोर्टच्या फसवणुकीत गेल्याची नोंद झालेली रक्कम १४६ कोटी डॉलर होती. रुपयांत बारा हजार कोटींच्या घरात. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी आजी-आजोबांना येणारा फोन कदाचित आपल्याच गावाकडच्या पोराने लावलेला असू शकतो. तिकडच्या आणि इकडच्या पद्धतीत एक फरक आहे. अमेरिकेत ते गिफ्ट कार्ड घ्यायला लावतात, क्रिप्टो भरायला लावतात. इथे थेट यूपीआय. गिफ्ट कार्डाने बिल घेणारी कुठलीही खरी कंपनी नाही.

मग मदत कुणाकडून घ्यायची

आधी हे बघा की मदत लागतेय का. विंडोजमध्ये अँटीव्हायरस आधीपासूनच असतो, त्याचं नाव विंडोज सिक्युरिटी. घरगुती वापराला तो पुरतो. कुणी तुम्हाला फोनवर वर्षाचं किंवा 'लाइफटाइम' संरक्षण विकत असेल तर ते तुमच्याकडे फुकट आहेच. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ही बातमी खरी आहे. तिचा आधार घेऊन "तुमचं विंडोज एक्स्पायर झालंय" असं सांगणारे फोन आले तर नवल वाटायला नको. खरी सूचना सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर दिसते. तिच्यासाठी कुणी माणूस फोन करत नाही.

नंबर शोधायचा झाला तर सर्च इंजिनकडे जायचंच नाही. लॅपटॉपच्या खोक्यावर, वॉरंटी कार्डावर, बिलावर, यंत्राच्या पाठीवर सपोर्टचा पत्ता असतो. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. डेलचं सपोर्ट असिस्ट, एचपीचं सपोर्ट असिस्टंट, लेनोवोचं व्हँटेज ही अ‍ॅप बहुधा लॅपटॉपमध्ये आधीच असतात आणि त्यातून गेलात की खऱ्या कंपनीपर्यंतच पोचता. विंडोजचं स्वतःचं 'गेट हेल्प' नावाचं अ‍ॅप आहे. एखाद्या अ‍ॅपविषयी तक्रार असेल तर त्याच अ‍ॅपच्या आत 'हेल्प' शोधा. कंटाळवाणं आहे, चॅटबॉट डोकं खाईल, पण तो निदान खरा चॅटबॉट असेल.

हे सगळे नंबर आजच लिहून ठेवायचे. घाबरलेल्या अवस्थेत माणूस नीट शोधत नाही. आईबाबांच्या फोनमध्ये बँक, लॅपटॉपची कंपनी, नेटवाला आणि सायबर फसवणूक कळवायचा १९३० हे चार नंबर सेव्ह करून द्या. मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलेत तरी उत्तम.

घरातल्या माणसाने दुरून मदत करायची असेल तर विंडोजचं क्विक असिस्ट मला पसंत आहे. ते विंडोजमध्ये आधीच असतं, कंट्रोल-विंडोज-क्यू दाबलं की उघडतं. मदत करणाऱ्याने आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून एक कोड काढायचा, तो दहा मिनिटं चालतो, घेणाऱ्याने तो भरायचा. नियंत्रण हवं असेल तर वेगळी परवानगी मागावी लागते. एक मात्र आहे: भामटेही आता क्विक असिस्ट वापरू लागलेत. त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही, कोड कुणाचा आहे तेच महत्त्वाचं. आईबाबांशी एक रीत ठरवून टाका: "आई, कोड हवा असेल तर आधी मी तुला व्हिडिओ कॉल करीन, माझा चेहरा दिसल्याशिवाय कुणालाही काही वाचून दाखवू नकोस." आवाजावर जाऊ नये. आवाजाची नक्कल आता सोपी झालीय.

घरात जाणतं कुणी नसेल तर गावातला कॉम्प्युटरवाला. माझं प्रामाणिक मत असं, की ज्याचं दुकान आपल्याला माहीत आहे आणि जो उद्याही तिथेच बसणार आहे, तो कुठल्याही अनोळखी आकर्षक वेबसाइटपेक्षा बरा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात. शाळेत, पतसंस्थेत, सीएच्या ऑफिसात कॉम्प्युटर कोण सांभाळतं ते विचारा. जिथे रोजचं काम अडून चालत नाही तिथे टिकलेला माणूस सहसा चांगला असतो. ऑनलाइन पंचतारांकित अभिप्रायांवर मी फारसा विसंबत नाही, ते विकत मिळतात.

चांगला माणूस कसा ओळखायचा? तो आधी लक्षणं विचारतो: केव्हापासून होतंय, त्याआधी काय नवीन टाकलं होतं, कुठला संदेश येतो. तो घाबरवत नाही, घाईही करत नाही. किती लागतील ते आधी सांगतो, बिल देतो, बदललेला जुना भाग मागितला तर परत देतो. लॅपटॉप बघायच्या आधीच "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणणारा लबाड असेलच असं नाही, बहुतेक वेळा तो नुसता आळशी असतो. पण त्याच्या आळसात तुमचे दहा वर्षांचे फोटो जातात, म्हणून बॅकअप घेतल्याशिवाय यंत्र हातात देऊ नका. दुसरी एक खोड आपल्याकडे सर्रास दिसते: स्वस्तात क्रॅक केलेलं विंडोज टाकून देणं. ते क्रॅक चालावं म्हणून बऱ्याचदा आधी विंडोज सिक्युरिटीच बंद करावी लागते, आणि ती तशीच बंद राहते. म्हणजे दुरुस्तीवाल्याने चोराची निम्मी वाट मोकळी करून ठेवली. मूळ लायसन्सचं विंडोज लॅपटॉपबरोबर आलेलं असेल तर तेच परत टाकायला सांगा, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

दुरून काम करून घ्यायचं ठरलं, समजा टॅलीवाल्याकडूनच, तरी काही पथ्यं आहेत. बँकेची पानं बंद करा, नुसती बंद नाही, लॉगआउट करा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन यूएसबीला लावलेला असेल तर काढून ठेवा; गरज पडेल तेवढ्यापुरताच लावा. फोनमधली नव्हे, कॉम्प्युटरमधलीच अडचण असेल तर फोन शेअर करायचं कारणच नाही. जमल्यास कॉम्प्युटरवर पाहुण्यासाठी वेगळं खातं काढून ठेवा, म्हणजे तुमच्या खात्यातले साठवलेले पासवर्ड त्याच्यासमोर येणार नाहीत. मात्र काही दुरुस्त्यांना मुख्य खातं लागतंच. काम चालू असताना समोर बसा आणि हे काय करताय, असं बिनधास्त विचारा. सांगायला टाळाटाळ झाली की जोडणी तोडा. काम संपलं की सॉफ्टवेअर बंद करा, त्यात कायमचा पासवर्ड लागलेला नाही ना ते सेटिंगमध्ये बघा, आणि नेहमी लागत नसेल तर काढूनच टाका.

पैसे गेले असतील तर

आधी नेट तोडा. वायफायचा राउटर बंद करा, फोन असेल तर एअरप्लेन मोड. कॉम्प्युटर बंद केला तरी चालेल. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं, कार्ड आणि यूपीआय गोठवायला सांगा. लगोलग १९३० लावा. ही केंद्रीय गृहखात्याची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. बँकेचं नाव, व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उड्या मारत असतात, कुठेतरी ते अडवता आले तर होल्डवर ठेवले जातात. म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. "उद्या सकाळी बँकेत जाऊ" असं म्हणत बसलात तर पैसे पार निघून जातात. त्यानंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर त्याच दिवशी लेखी तक्रार भरा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये कळवता येतो.

भरपाईबाबत रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेलं तत्त्व समजून घ्या. चूक बँकेची असेल, किंवा तिसऱ्याच कुणाची असून तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं, तक्रार नोंदल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणजे चूक आपलीच असली तरी लवकर कळवण्याने फरक पडतोच. लाजेपोटी गप्प बसणाऱ्या माणसाचं नुकसान दुसऱ्या दिवशीही चालू राहतं. घरातल्यांनीही "तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं" हे वाक्य त्या दिवसापुरतं गिळावं.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये तुमची पत्रं परस्पर दुसरीकडे पाठवायचा नियम कुणी लावून ठेवला नाही ना, यूपीआयमध्ये अनोळखी ऑटोपे नाही ना, तुमच्या नावावर कर्ज निघालेलं नाही ना, हे बघा. ज्या कॉम्प्युटरवर तो माणूस तासभर हिंडला, त्यावर नुसता अँटीव्हायरस फिरवून मला समाधान वाटणार नाही. कामाच्या फाइलींचा बॅकअप घेऊन तो नव्याने बसवून घ्यावा. इथे फॉरमॅट मारणं योग्यच.

काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात. या वेळी तो माणूस सायबर सेलचा अधिकारी किंवा वकील असेल, त्याला तुमची रक्कम आणि तारीख बिनचूक माहीत असेल आणि अडकलेले पैसे सोडवायला थोडं शुल्क भरावं लागेल असं तो सांगेल. होल्डवरची रक्कम परत मिळवायला बहुधा कोर्टाचा आदेश लागतो. तो अर्ज कसा करायचा ते तुमची तक्रार ज्या पोलिस ठाण्याकडे गेली आहे तिथे पोचक्रमांक घेऊन प्रत्यक्ष जाऊन विचारा.